पडद्यावर शब्द आले की गाण्याचा सिनेमा होतो

मागच्या मार्गशीर्षात, धानाची मळणी आटोपून माणसे जरा मोकळी झाली, तेव्हा आमच्या तालुक्यातील कराओके क्लबाचे तिघे जण माझ्या खोलीवर आले. खोली म्हणजे वडशाजवळच्या आमच्या गावातील जुनी धानाची कोठी. भिंतींना जाड वाकळी टांगल्या आहेत, आणि छत टिनाचे असल्यामुळे पावसाळ्यात तिथे ध्वनिमुद्रण होत नाही. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी ऑर्गन वाजवतो आणि उरलेल्या वेळात या कोठीत गाणी, जाहिराती, क्वचित एखादा व्हिडिओ असे काम करतो. त्या दिवशी रात्रभराचे नाटक करून पहाटे परतलो होतो, डोळ्यांवर झोप होती, आणि म्हणूनच की काय, समोरच्यांची मागणी ऐकून मी फारसा विचार न करता होकार दिला.

मागणी साधी होती. क्लबातील सभासदांनी दहा जुनी मराठी आणि हिंदी गाणी गायची, मागे विकतचा कराओके ट्रॅक, म्हणजे गायकाच्या आवाजाविना नुसते वादन, वाजवायचा, गाताना त्यांचे चित्रीकरण करायचे, खाली गाण्याचे शब्द रंग बदलत सरकवायचे आणि ते सगळे यूट्यूबवर टाकायचे. वार्षिक संमेलनाच्या आधी नातेवाइकांना दाखवायला आपले काहीतरी असावे, एवढीच त्यांची हौस. मी तीन आठवडे खपलो. शब्द सरकवण्याचे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते, पण ‘चांदणे’ या तीन अक्षरांपैकी ‘चां’वर गायक सव्वा मात्रा थांबतो आणि ‘दणे’ अर्ध्या मात्रेत उरकतो, तेव्हा रंगही तितकाच थांबवावा लागतो. एका गाण्याला त्यात अख्खी दुपार जाते.

रात्री व्हिडिओ चढवले. सकाळी पाहतो तर दहांपैकी सहा गाण्यांवर स्वामित्व हक्काचा दावा लागलेला, आणि एक गाणे भारतात दिसणेच बंद झालेले. क्लबाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांना फोन केला, तर ते दुचाकीवरून थेट कोठीवरच आले आणि चप्पल काढता काढताच म्हणाले, “भाऊ, टरॅकचे पैसे तं देलेच ना आपन? मंग हा दावा कायचा?”

गुरुजींच्या या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढचे काही महिने स्वामित्व हक्क कायदा, म्हणजे १९५७ चा अधिनियम आणि त्यातील २०१२ ची दुरुस्ती, मी वेळ मिळेल तसा वाचला, दोन-चार ठिकाणी पत्रे लिहिली, एका वकिलांना भेटलो. मी कायद्याचा माणूस नाही, वाजवणारा आहे. पण वाजवणाऱ्याला जेवढे कळायला हवे तेवढे आता कळले आहे, आणि गावोगावी कराओकेचे क्लब निघाले असल्यामुळे ते लिहून ठेवतो.

आधी ट्रॅकच्या पैशांचे. आम्ही ज्या संकेतस्थळावरून ट्रॅक घेतले होते, तिथल्या पावतीच्या तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलेले होते की हा ट्रॅक केवळ वैयक्तिक वापरासाठी आहे. म्हणजे आम्ही दिलेले पैसे घरात बसून गाण्याचे होते, त्यावर नवा व्हिडिओ बनवून जगाला दाखवण्याचे नव्हते. बी-बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर भिंग लावून वाचणारे आम्ही लोक ही ओळ मात्र कोणीच वाचली नव्हती.

पण खरी गाठ त्याच्याही पुढे आहे. आपण ज्याला ‘गाणे’ म्हणतो ते कायद्याच्या दृष्टीने एक नसून तीन वस्तू आहेत. शब्द ही साहित्यकृती, तिचा निर्माता कवी. चाल ही संगीतकृती, तिचा निर्माता संगीतकार. आणि संगीतकृतीच्या व्याख्येतच म्हटले आहे की तिच्यात शब्द येत नाहीत. तिसरी वस्तू म्हणजे ध्वनिमुद्रण, आणि त्याचा कर्ता कायद्याने गायक किंवा वादक नसून निर्माता, म्हणजे बहुधा संगीत कंपनी. धंद्यात या ध्वनिमुद्रणाला ‘मास्टर’ म्हणतात आणि शब्द-चालीच्या हक्काला ‘पब्लिशिंग’. एकाच कंपनीकडे दोन्ही असू शकतात, चित्रपटगीतांच्या बाबतीत बरेचदा असतातही, पण असतीलच असे गृहीत धरता येत नाही.

आता कराओके ट्रॅक कसा तयार झाला यावर पुढचे सगळे ठरते. हल्ली संगणकाला मूळ गाणे दिले की तो गायकाचा आवाज बाजूला काढून देतो. मीही हे करून पाहिले आहे. कोरस आला की मूळ गायिकेचा आवाज दूरच्या विहिरीतून यावा तसा मागे उरतोच. पण आवाज कितीही स्वच्छ निघाला तरी उरलेले वादन हे मूळ मास्टरच असते, त्यामुळे तिन्ही वस्तूंची परवानगी लागते. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक वाद्य नव्याने वाजवून ट्रॅक बांधायचा. असा ट्रॅक मी स्वतः ऑर्गन आणि ऑक्टोपॅडवर बांधला, तर त्या ध्वनिमुद्रणाचा मालक मी. मूळ कंपनीच्या मास्टरशी माझा संबंध उरत नाही. शब्द आणि चाल मात्र तरीही दुसऱ्याचीच राहते. “आम्ही सगळं नव्यानं वाजवलं आहे, आता कोणाचा काय संबंध,” असे आमच्या भागातील कितीतरी चांगले वादक मनापासून मानतात, मीही मानत होतो. पूर्ण गैरसमज आहे तो.

यानंतर मला सर्वांत जास्त चकित करणारी गोष्ट येते. कायद्यात चलच्चित्रपटाची व्याख्या फार रुंद आहे: दृश्यांची कोणतीही मुद्रित कृती आणि तिच्यासोबतचा आवाज. थिएटर, तिकीट, नट-नट्या यांची काहीच अट नाही. मग काळ्या पडद्यावर पांढरे शब्द सरकत आहेत आणि मागे ट्रॅक वाजतो आहे, एवढेही या व्याख्येत बसते. कवीच्या आणि संगीतकाराच्या हक्कांत ‘त्या कृतीपासून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण करणे’ हा हक्क शब्दशः लिहिलेला आहे. धंद्यात त्यालाच ‘सिंक’ म्हणतात, हा शब्द आपल्या कायद्यात नाही. शिवाय शब्द पडद्यावर छापले म्हणजे साहित्यकृतीची प्रत काढलीच. गुरुजी गातात त्यापेक्षा त्यांच्या छातीखालून सरकणाऱ्या ओळीच आम्हाला अधिक अडचणीत आणत होत्या, हे मला तेव्हा स्वप्नातही आले नसते.

मग कव्हर व्हर्जनचे काय, असे कोणी विचारील. कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांची नव्या आवाजांतील आवृत्ती घरोघरी वाजायची, ती कायद्यातल्या एका सवलतीच्या आधारावर. २०१२ च्या दुरुस्तीने ती सवलत कलम ३१-सी मध्ये नेली आणि तिला चांगलेच कुंपण घातले. मूळ गाणे पहिल्यांदा मुद्रित झाले त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटली पाहिजेत, आधी सूचना द्यायची, मानधन आगाऊ भरायचे, वेष्टनावर हे कव्हर आहे असे स्पष्ट लिहायचे, तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत वा चालीत बदल करायचा नाही, आणि मानधन वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने द्यायचे. आमच्या क्लबाचे सभासद चाळीस. आणि हे सगळे सोसले तरी ही सवलत फक्त ध्वनिमुद्रणापुरती आहे, व्हिडिओपुरती नाही. कराओकेच्या व्हिडिओला यातून वाट नाही. मालकाला विचारणे, हाच रस्ता.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर घाबरून गाणेच बंद करायचे. सभागृहात गाणे वेगळे आणि त्याचा व्हिडिओ करणे वेगळे. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर गाणे सादर केले तर कलम ५२ त्याला उल्लंघन मानत नाही. ते सूट देते ती शब्द आणि चालीच्या सादरीकरणाला. मागे वाजणारा ट्रॅक हे ध्वनिमुद्रण आहे, त्यासाठी त्याच कलमातील दुसरी तरतूद पाहावी लागते, जी नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबाच्या उपक्रमात मुद्रित ध्वनी वाजवण्याला मोकळीक देते. आमचा क्लब तिकीट लावत नाही, संमेलनाचा चहा वर्गणीतून होतो, त्यामुळे सभागृहापुरते आम्ही निर्धास्त आहोत असे वकिलांचेही मत पडले. झाडीपट्टीच्या तिकीट लावलेल्या नाटकात चित्रपटातले गाणे वाजवले तर ही मोकळीक नाही. तिथे शब्द-चालीच्या सादरीकरणाचा परवाना लागतो, आणि तो देण्याचे काम १९६९ साली स्थापन झालेली मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. हे वाक्य लिहिताना मला माझेच काही हंगाम आठवत आहेत.

लग्नाचेही तसेच. धार्मिक विधीत गाणे वाजवण्याला कायद्याने सूट आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभही येतात. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग विभागाने एक सूचना काढून ही गोष्ट पुन्हा सांगितली. हळदीला वाजणाऱ्या डीजेने गावाच्या झोपेचे काय करायचे तो प्रश्न निराळा, पण ही सूट आहे ती वाजवण्याला. लग्नाचा शूटिंगवाला नंतर घरी बसून त्याच गाण्यावर नवरा-नवरीची दृश्ये जोडतो आणि व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर टाकतो, तेव्हा तो वरातीत नसतो, चित्रपट करत असतो.

दोन समजुती इतक्या घट्ट रुजल्या आहेत की त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. तीस सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते, ही पहिली. कायद्यात सेकंदांचे असे कोणतेही माप नाही. व्हिडिओखाली ‘सर्व हक्क मूळ मालकांचे, आमचा हक्क नाही’ असे लिहिले की सुटलो, ही दुसरी; शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचा आंबा तोडून ‘आंबा शेजाऱ्याचा आहे’ अशी पाटी लावण्यासारखे ते आहे.

यूट्यूबचा दावा म्हणजे काय, हेही मला तेव्हा कळले. त्यांची यंत्रणा मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी आवाज ताडून पाहते, आणि नव्याने वाजवलेली चालसुद्धा कित्येकदा ओळखते. मालकाने आधीच ठरवलेले असते की जुळले तर काय करायचे: व्हिडिओ राहू द्यायचा आणि त्यावरची जाहिरातीची कमाई स्वतःकडे घ्यायची, किंवा तो बंद करायचा, किंवा नुसती नोंद ठेवायची. आमच्या सहा गाण्यांना पहिला प्रकार लागला, सातव्याला दुसरा. ‘स्ट्राइक’, म्हणजे मालकाच्या कायदेशीर तक्रारीवरून चॅनेलवर लागणारा ठपका, ही त्याहून वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. नव्वद दिवसांत तीन आल्या तर चॅनेलच जाऊ शकते. दावा लागूनही व्हिडिओ दिसत राहिला की लोक म्हणतात, परवानगी मिळाली. मला ते पटत नाही. मालकाने आज डोळेझाक केली आहे. उद्या तो आपली निवड बदलू शकतो, आणि आपल्या हातात त्याच्या सहीचा कागद काही नसतो.

कोणते गाणे कधी मोकळे होते, याचा हिशेब गुरुजींना फार आवडला, कारण तो गणिताचा होता. शब्द आणि चाल यांवरचा हक्क निर्माता हयात असेपर्यंत आणि तो वारला त्या वर्षाच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण आणि चित्रपटासाठी ही साठ वर्षे प्रकाशनानंतरच्या जानेवारीपासून मोजतात. गुरुजींनी वही काढली. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत संरक्षित. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत. दोघांनी मिळून केलेल्या गाण्यांचे शब्द २०३८ च्या पहिल्या दिवशी मोकळे होतील आणि त्याच शब्दांची आपल्या कानांत बसलेली चाल आणखी पंचवीस वर्षे बांधलेली राहील. आमच्या अमरावतीचे सुरेश भट २००३ साली गेले. त्यांच्या गझलांचे शब्द २०६३ अखेरपर्यंत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली मोझरीला गेले, तेव्हा त्यांची भजने १ जानेवारी २०२९ ला मोकळी होतील. गुरुजींनी ही तारीख दोनदा अधोरेखित केली, कारण आमच्या क्लबात खंजिरीवर भजन गाणारे चौघे जण आहेत.

या हिशेबातला सापळा जुन्या तबकड्यांत आहे. १९५८ साली निघालेल्या एखाद्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०१८ अखेरीस संपला. ती तबकडी वाजवून तिचे रूपांतर संगणकात करणारे पुष्कळ जण समजतात की गाणेच मोकळे झाले. मोकळे झाले ते मुद्रण. कवी किंवा संगीतकार त्यानंतर वीस वर्षे जगला असेल तर त्याचा हक्क अजून जिवंत आहे. उलट बाजूने, तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर कोणाचाच हक्क नाही, पण तो अभंग ज्या प्रसिद्ध चालीत आपण गातो ती चाल बहुधा विसाव्या शतकातल्या कोणा संगीतकाराची असते. पारंपरिक वारकरी चाल घेतली किंवा आपली लावली तर प्रश्न मिटतो.

आम्ही दोन गाण्यांसाठी रीतसर विचारूनही पाहिले. पहिले पत्र मी लिहिले ते अगदी अर्जासारखे, ‘कृपया परवानगी द्यावी ही विनंती’ एवढेच. त्याला उत्तर आले नाही. दुसरे पत्र नीट लिहिले: गाणे, कवी, संगीतकार, आम्ही किती मिनिटे वापरणार, ट्रॅक नव्याने बांधणार की मूळ मास्टर वापरणार, शब्द पडद्यावर दिसणार का, कुठे दाखवणार, किती वर्षे, जाहिरातीची कमाई घेणार की नाही. अकराव्या दिवशी उत्तर आले. सांगितलेली रक्कम आमच्या क्लबाच्या वर्षभराच्या वर्गणीहून जास्त होती आणि मुदत एका वर्षाची. आम्ही आभार मानून थांबलो. मला त्यात अन्याय दिसला नाही. ते मोठ्या जाहिरातवाल्यांचा दर सांगत होते, आणि चाळीस हौशी माणसांच्या व्हिडिओसाठी वेगळा दर त्यांच्या कोष्टकात नव्हता. पण अशा छोट्या मंडळांसाठी एखादा स्वस्त, ठरावीक दराचा परवाना कोणीतरी काढायला हवा, असे मला राहून राहून वाटते. पैसे भरायला तयार असलेली माणसे खेडोपाडी आहेत.

गमतीची गोष्ट अशी की ज्या यंत्रामुळे हे सगळे सुरू झाले, त्याच्या कर्त्याने हक्काचा आग्रह धरला नव्हता. जपानमधील कोबे शहरात १९७१ साली दाइसुके इनोउए या वादकाने भाड्याने द्यायची कराओकेची यंत्रे तयार केली, आणि त्यांचे पेटंट घेतले नाही.

आम्ही शेवटी सातही दावे लागलेले व्हिडिओ काढून टाकले आणि आपल्याच गाण्यांकडे वळलो. भुलाबाईची गाणी होती, पोळ्याच्या झडत्या होत्या. त्यांचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही, आणि आमच्या बायामाणसांच्या तोंडून ऐकून मी ती नव्याने वाजवली. शिवाय शेजारच्या गावातील एका कवीची चार गाणी होती. हा माणूस धानाच्या बांधीत रोवणी करता करता ओळी रचतो आणि संध्याकाळी नातवाच्या वहीत उतरवून घेतो. पाच वर्षांपूर्वी त्याचे एक गाणे मी तोंडी बोलण्यावर मुद्रित केले होते, कागद केला नव्हता. नंतर त्याने तेच गाणे नागपूरच्या एका छोट्या कंपनीला सही करून दिले, आणि माझ्याच कोठीत झालेल्या मुद्रणावर माझ्याच चॅनेलला दावा आला. त्याची चूक नव्हती. कायदा म्हणतो की हक्क देणे-घेणे लेखी हवे, आणि लेखी काही होते ते फक्त त्या कंपनीकडे.

या वेळी मी एका पानाचा करार मराठीत केला. कोणते गाणे, कशासाठी, म्हणजे ध्वनिमुद्रण, व्हिडिओ आणि पडद्यावरच्या शब्दांसह कराओके, हे तिन्ही वेगवेगळे लिहिले. मुदत लिहिली, कारण न लिहिल्यास कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश जगभर असे लिहिले, कारण न लिहिल्यास तो भारतापुरता धरतो आणि यूट्यूबला सीमा नसते. कमाई आली तर निम्मी त्याची. हक्क त्याच्याकडेच ठेवला, मी फक्त परवाना घेतला. गाणाऱ्या सभासदांकडूनही चित्रीकरणाला संमतीच्या सह्या घेतल्या, कारण गायकालाही स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो. गुरुजींनी शुद्धलेखन तपासले आणि दोन ठिकाणी अनुस्वार दिले.

सही करण्यापूर्वी कवीने व्हिडिओ पाहायला मागितला. कोठीत वाकळींच्या मध्ये स्टुलावर बसून तो पडद्यावर सरकणाऱ्या स्वतःच्या ओळी बोटाने वाचत होता. दुसऱ्या कडव्यात त्याने हात वर केला.

“भाऊ, हे ‘पाणी’ कोनं लिवलं? म्या ‘पानी’ म्हनलो होतो.”

मी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी छताकडे पाहू लागले. निर्मात्याच्या कृतीत त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल असा बदल करू नये असे कलम ५७ सांगते. एका ‘ण’ने ती जाते का हे मला माहीत नाही, पण गाणे झाडीबोलीतले होते आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. मी फाईल पुन्हा उघडली, चारही कडव्यांतला ‘ण’ काढून ‘न’ केला आणि व्हिडिओ नव्याने काढायला लावला. चाळीस मिनिटे लागणार होती. मध्येच लाइन गेली, इन्व्हर्टरवर संगणक चालू राहिला, आणि आम्ही तिघे अंधारात चहा पीत पडद्यावरची टक्केवारी वाढताना पाहत बसलो.